वाकायचं कशाला? वाफाच वर आणू या

देवरुखहून स. वि. लिहितात :

‘माझं वय ६८, ह्यांचं ७३. दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली ती पुरती परत आली नाही. चाकाच्या खुर्चीत असतात, डावा हात मात्र छान चालतो. माझा एक गुडघा बदलून झालाय, दुसरा रांगेत आहे, आणि बोटांत संधिवात. ह्यांनी चाळीस वर्षं परसात भाजी केली. बाजारातून फक्त कांदे-बटाटे यायचे. आता दिवसभर मागच्या पडवीत बसून रिकाम्या वाफ्यांकडे बघत असतात. मी उंच वाफे बांधायचं मनात धरलंय. गावातला गवंडी म्हणतो, परसाच्या मधोमध चिऱ्याचे दोन वाफे बांधून देतो, तीन फूट उंच, पाच फूट रुंद, दहा फूट लांब, हत्ती चढला तरी हलणार नाहीत. मुलगा मुंबईला असतो. तो म्हणतो, पैसे देतो, पण भाजीवाला दारात येत असताना हा उपद्व्याप कशाला? आमचं जोतं दीड फूट उंच, पडवी सहा फूट रुंद, परस पूर्वेला. ह्यांना खाली उतरवायला दोन माणसं लागतात. बांधू का?’

वहिनी, बांधा. पण गवंडी सांगतोय ते नको.

हत्तीचं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. कोकणातल्या गवंड्याच्या हातच्या चिऱ्याच्या भिंतीला नावं ठेवायची माझी काय टाप! पण ते भिंतीचा विचार करतायत, आणि तुम्हाला करायचाय हाताचा. खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात कोपर फार न ताणता पुढे पोचतो तो वीस ते चोवीस इंच. चिऱ्याची भिंत नऊ इंच जाड धरली तर त्यातले नऊ इंच दगडावरून जाण्यातच संपले. उरलेल्या फूटभर मातीवर हात फिरेल, त्यापलीकडे तण माजेल आणि तुमचे यजमान ते बघत बसतील. म्हणजे आज करतायत तेच, फक्त पैसे खर्चून. तीन फूट उंची तर त्यांच्या जवळजवळ छातीला येते. एकाच चांगल्या खांद्यावर हात उचलून धरायचा आणि वर खुरपायचं, हे पाच मिनिटांत नको होतं. शिवाय तसा एक वाफा भरायला, भिंतींची जाडी वजा करूनही, नव्वद घनफुटांच्या आसपास माती लागेल. ओली माती घनफुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. एका वाफ्याला चार टन. ती वाहणार कोण?

उंच वाफा म्हणजे काहीतरी परदेशी खूळ, असं तुमच्या मुलाला वाटत असेल तर त्याला अंगणातलं तुळशीवृंदावन दाखवा. कमरेइतकं उंच, सगळ्या बाजूंनी हात पोचेल इतकं लहान, पाणी जायला वाट. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका नव्वदीतही तुळशीला पाणी घालतात, आणि त्यासाठी एकीलाही वाकावं लागत नाही. आपल्याला एवढंच करायचंय की वृंदावन जरा लांबवायचं आणि त्यात माठ पेरायचा.

माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आमच्या अण्णांची कंबर गेली तेव्हा मी उत्साहाच्या भरात त्यांच्यासाठी गडग्याला लागून वाफा बांधून घेतला. चार फूट रुंद. का चार? तर कुठेतरी वाचलं होतं, वाफा चार फुटांचा असतो. तो दोन्ही बाजूंनी हात पोचतो तेव्हा चार फुटांचा असतो, आणि तोही धडधाकट उभ्या माणसाचा, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मागच्या दीड फुटात अण्णांनी कधी बी टाकलं नाही. वर मी आतून झकास गिलावा करून घेतला आणि पाणी बाहेर पडायला भोकं ठेवायची विसरले. जुलैत त्यात बेडूक राहायला आले. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ‘आमच्या हिनं मला हौद बांधून दिलाय.’ पुढच्या उन्हाळ्यात छिन्नी घेऊन भोकं पाडली, त्यात भिंतीला तडा गेला. तेव्हापासून मी वाफ्याकडे आधी बघत नाही. ज्याच्यासाठी बांधायचा त्याला बसवते आणि त्याच्याकडे बघते.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली ओळ : ह्यांना खाली उतरवायला दोन माणसं लागतात. तुम्ही ती सहज लिहून गेलात. पण वाफा परसाच्या मधोमध बांधला, तो अगदी मापात बांधला, तरी तिथे पोचायला रोज दोन माणसं हवीत. उतरण करायची म्हटलं तर चाकाच्या खुर्चीला इंचाला फूट हे गणित असतं, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. तुमचं जोतं अठरा इंच, म्हणजे अठरा फूट लांब उतरण, वर आणि खाली खुर्ची थांबवायला सपाट जागा वेगळी. त्याहून उभी केली तर चढताना तुमचा दुसरा गुडघाही याच वर्षी बदलावा लागेल. आणि पावसाळ्यात? आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चिऱ्यावर आणि कोब्यावर शेवाळ धरतं, तिथे धट्टीकट्टी माणसं घसरतात.

म्हणून माझं म्हणणं असं की ह्यांना वाफ्याकडे न्यायच्या भानगडीत आत्ता पडूच नका. वाफा पडवीला आणून भिडवा. पडवीच्या कडेला, बाहेरच्या अंगाला, पडवीत बसूनच हात पोचेल असा. उतरण नको, माणसं नकोत, पाऊस असो की ऊन, मनात आलं की खुर्ची चार हात ढकलली आणि झालं. उतरणीचं पुढे बघू. एक हंगाम निघाला की ती हवी की नको हे ते स्वतःच सांगतील.

पण गवंड्याला बोलावण्याआधी दोन दिवस एक नाटक करायचंय. दहा-पंधरा सुट्या विटा आणि एक फळी घ्या. यजमानांना त्यांच्या रोजच्या खुर्चीत, रोजच्या उशीसकट पडवीत बसवा. शेजारी विटांचे दोन ढीग रचून त्यावर फळी ठेवा, फळीवर मातीनं भरलेलं घमेलं. त्यांच्या हातात एक उलथणं द्या आणि पंधरा मिनिटं माती हलवू द्या, चार वालाचे दाणे टोचू द्या, चार तणं उपटू द्या. खांदा कानाकडे चढायला लागला तर फळी उंच आहे, एक वीट काढा. अंग एका बाजूला कलायला लागलं तर ती खाली आहे, एक वीट वाढवा. मिनिट-दोन मिनिटांच्या परीक्षेवर भरवसा ठेवू नका. पहिली पाच मिनिटं सगळ्याच उंच्या बऱ्या वाटतात. खुर्ची शेजारी लावून काम करणाऱ्याला मातीचा पृष्ठभाग साधारण दोन फुटांवर सोयीचा पडतो, एखादा इंच इकडेतिकडे. पण माझ्या दोन फुटांपेक्षा त्यांचं माप खरं. ते सापडलं की भिंतीवर कोळशानं रेघ मारून ठेवा. हात किती लांब पोचतो तेही तसंच मोजा. फळीवर खडूनं खूण करा, आणि ती हात ताणून केलेली नको, आरामात पोचेल तिथली हवी.

याच वेळी डाव्या हाताचंही बघून घ्यायचं. हा मुद्दा गवंड्याच्या डोक्यात येणार नाही, डॉक्टरांच्याही येईलच असं नाही. त्यांची उजवी बाजू दुबळी आहे, म्हणजे वाफा नेहमी त्यांच्या डाव्या हाताला यायला हवा. घरातून बाहेर येताना खुर्ची कुठल्या तोंडानं येते ते पाहा. उलट्या बाजूनं येत असेल तर वळवावी लागेल, आणि खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. तुमची पडवी सहा फुटांची, म्हणजे जमतंय. पण तिथे लाकडाचा भारा, रिकामी पिंपं आणि जुना झोपाळा असेल तर तो हलवा. (असणारच. मागची पडवी रिकामी असलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही.) खुर्चीचा डावा हात निघणारा असेल तर काम करताना काढून ठेवा, दोन-तीन इंच आणखी मिळतात. खुर्ची वाफ्याला अगदी समांतर लावण्यापेक्षा थोडी तिरकी लावली की कंबर कमी पिळवटते. आणि ब्रेक. पडवीला कठडा नसेल तर वाफा संपतो तिथून पुढच्या कडेला चार इंचांचा उंचवटा घालून घ्या, चाक त्यापलीकडे जाता कामा नये.

काही ठिकाणी टेबलासारखे वाफे करतात, खाली मोकळे, म्हणजे खुर्चीतल्याचे गुडघे आत जातात आणि तो समोरासमोर काम करू शकतो. दिसायला फार छान. पण गुडघे आत जायला खाली सत्तावीस इंच मोकळे हवेत, त्यावर तळाची जाडी, त्यावर सात-आठ इंच माती. बेरीज तीन फुटांच्या पुढे जाते. दोन्ही खांदे सशक्त असलेल्या तरुणाला ते चालतं. तुमच्या यजमानांना नको.

आता बांधकाम. गवंड्याला ‘वाफा’ म्हणूच नका, ‘ओटा’ म्हणा. स्वयंपाकघराचा ओटा त्यांनी शंभर वेळा बांधला असेल. जोत्यापासून चार बोटं जागा सोडून, परसात चिऱ्याचे चार खांब, दोनेक फुटांवर एकेक, सगळा मिळून आठ फूट लांबीचा. ती चार बोटं सोडायचीच. वाफा जोत्याला चिकटवलात तर ओल थेट घरात शिरेल आणि पुढच्या वर्षी तुम्ही मला माजघराच्या भिंतीबद्दल पत्र लिहाल. खांबांवर तीन इंचांचा स्लॅब, आत सळई. कडप्पा स्वस्तात पडतो, पण बारा महिने ओल्या मातीचं ओझं घेऊन तो कधी दगा देईल सांगता येत नाही. स्लॅब ओततानाच दर दीड-दोन फुटांवर इंच-दीड इंचाच्या प्लॅस्टिक पाइपचे तुकडे उभे बसवायला सांगा, म्हणजे पाणी उतरायला वाटा तयार झाल्या, आणि स्लॅबला बाहेरच्या अंगाला अगदी हलका ढाळ. स्लॅबभोवती विटेची एकेरी भिंत, आत माती फूटभर बसेल एवढी, आणि मातीचा पृष्ठभाग तुमच्या कोळशाच्या रेघेला आला पाहिजे. इथे चिरा नको, विटेची चार इंचांची भिंत हाताचे पाच इंच वाचवते. मातीची रुंदी आतून दीड फूट, बास. पडवीकडच्या भिंतीच्या डोक्यावर गुळगुळीत फरशीची पट्टी, ती चार बोटांच्या फटीवर थोडी पुढे येऊ दे. तिच्यावर कोपर टेकता येतं, चहाचा कप ठेवता येतो, आणि फटीत पाणी जात नाही. कडा घासून गोल करून घ्या. झटक्यानंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात बऱ्याच जणांना, त्यांना साधं खरचटलेलंही लवकर थांबत नाही.

एवढ्या ओट्यात माती बसते बारा घनफूट. हलकं मिश्रण केलंत तर चार-साडेचारशे किलो, नुसती लाल माती भरलीत तर सहाशेच्या घरात. खाली जमीन आहे, तेव्हा तुम्हाला काळजी नाही. पण हे वाचून पुण्या-मुंबईचे वाचक गच्चीवर असा ओटा बांधायला निघतील, त्यांच्यासाठी थांबून सांगते : वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो आहे, म्हणजे चौरस फुटाला चौदा किलो. फूटभर ओली माती त्याच्या तिप्पट होते. आधी इंजिनिअर, मग गवंडी.

पागोळ्या! हे राहूनच जात होतं. कौलाचं पाणी नेमकं पडवीच्या कडेबाहेर पडतं, म्हणजे बरोबर तुमच्या नव्या वाफ्यात. पन्हळ लावल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणू नका. जूनच्या पहिल्या सरीत माती, बी, खत सगळं परसात वाहून जाईल. पन्हळीचं पाणी एका पिंपात घ्या.

बांधून झालं की आठ-पंधरा दिवस रोज पाणी मारा, नेहमीसारखं. त्यानंतरही लगेच माती भरू नका, आतून दोनदा भरपूर पाण्यानं धुऊन काढा. नव्या सिमेंटचा चुना पहिल्याच रोपांना भोवतो. मग तळाशी पाइपांच्या तोंडांवर नायलॉनच्या जाळीचे तुकडे, त्यावर नारळाच्या सोडणांचा एकच थर, पालथा. माडाच्या आळ्यात आपण सोडणं उताणी ठेवतो, पाणी धरायला. इथे पाणी सोडायचंय म्हणून पालथी. वर मिश्रण : दोन घमेली परसातली लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं नारळाचा भुसा किंवा भाताचं तूस. आपली माती आंबट असते, तेव्हा चुलीची राख मूठ-दोन मुठी मिसळा, जास्त नको. शेणखत ताजं वाटत असेल तर महिनाभर थांबा. पहिल्या वर्षात माती तीन-चार बोटं खाली बसेल, दर हंगामाला एक-दोन घमेली खत घालून ती रेघेवर आणायची. आणि खत कालवायचं काम तुम्ही करणार असाल तर हातमोजे घाला, नाकाला पदर बांधा. संधिवातावरच्या काही औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते, डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा.

हे झालं ह्यांचं. आता तुमचं, कारण पत्रात तुम्ही स्वतःसाठी काहीच मागितलेलं नाहीत.

पडवीचा वाफा परसात उभं राहून तुम्हाला साडेतीन फुटांवर येईल. तिथून तुम्ही वेलाची चवळी तोडू शकाल, खुरपू शकणार नाही. तुम्हाला वेगळी उंची हवी. २०० लिटरचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम उभा चिरून दोन अर्धे करा. पावणेतीन-तीन फूट लांब, खोली अकरा इंच, पन्हळीसारखे दोन वाफे तयार. विकत घेताना आत काय होतं ते विचारा. रसायनाचा असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका, खाण्याच्या वस्तूंचाच घ्या. तळाला आठ-दहा भोकं, आणि लोखंडी अँगलच्या घोडीवर बसवा. उंची? तुमचा स्वयंपाकाचा ओटा तुमच्या सोयीचा असेल तर त्याहून चार बोटं खाली, कारण वर मिरचीचं झाड दोन फूट वाढणार आहे. ही चूक सगळे करतात, मातीची उंची मोजतात आणि झाडाची विसरतात. तीन फुटांच्या वाफ्यात तीन फुटांचा टोमॅटो लावला की मग शिडी शोधायची वेळ येते.

ड्रम परसात उन्हात ठेवा, पण घराच्या मागच्या दारापासून दहा पावलांत. माडापासून निदान सहा-सात फूट लांब. माडाची खाणारी मुळं बुंध्याभोवती तेवढ्याच घेरात असतात, आणि जमिनीवरच्या कुठल्याही खतमातीचा त्यांना बरोबर वास लागतो. शेजारी पाठ टेकायची सोय असलेलं उंच स्टूल ठेवा. थोडं उभं, थोडं बसून. बुटक्या पाटावर किंवा बैठकीच्या स्टुलावर बसू नका, बदललेल्या गुडघ्यानं तिथून उठणं हे कामापेक्षा मोठं काम होतं.

बोटांसाठी : खुरप्याच्या, उलथण्याच्या, कात्रीच्या मुठींवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा, मूठ हाताच्या अंगठ्याएवढी नाही, केळ्याएवढी जाड होईपर्यंत. बारीक मूठ घट्ट धरण्यातच बोटं दुखतात. नळाची गोल चावी काढून दांडीचा नळ बसवा, तो मनगटानं, अगदी कोपरानंही उघडतो. कळशी उचलायची नाही. पडवीच्या वाफ्यावर एक बारीक नळी अंथरून तिला वीतवीत अंतरावर सुईनं भोकं पाडली की यजमान डाव्या हातानं नळ उघडून पाणी देतील. उंच वाफा लवकर सुकतो. एप्रिल-मेत दोन्ही वेळेला पाणी लागेल, मातीवर पालापाचोळा अंथरलात तर एका वेळेवर भागेल.

काय लावायचं हे चाळीस वर्षं भाजी केलेल्या माणसाला मी काय सांगणार! तरी एका हाताच्या दृष्टीनं दोन-चार गोष्टी. पडवीच्या वाफ्यावर सकाळचं पूर्वेचं ऊन तिरकं येईल, दुपारी घराची सावली. पालेभाजीला ते मानवतं : लाल माठ, मेथी, पालक, मुळा. माठ महिन्याभरात कापायला येतो, आणि पहिल्या हंगामात लवकर हाताशी येणारं काहीतरी हवंच. माठाचं बी एका हातानं विरळ पेरणं कठीण, म्हणून ते चौपट बारीक रेतीत मिसळून पावडरच्या रिकाम्या डब्यात भरा आणि मिठासारखं शिंपडा. वाल, चवळी, भेंडी ही मोठी बियाणी बोटांत नीट बसतात, ती त्यांनी टोचावीत. चवळीचा वेल पडवीच्या खांबावर दोरीनं चढवला की शेंगा आपोआप खुर्चीच्या उंचीला लोंबतात. वांगी, मिरची, टोमॅटो तुमच्या उन्हातल्या ड्रमात. अळू कुठेच लावू नका, ते पन्हळीच्या पिंपाशेजारी आपणहून येईल. आणि एका ड्रमाच्या टोकाला अबोली लावा. भाजी नाही म्हणून ती कापून टाकायची हिंमत घरात कोणी करणार नाही.

दसरा झालाय. आत्ता बांधायला घेतलंत तर नोव्हेंबरअखेर पेरणी होईल, आणि थंडीतला माठ-मुळा हा आपल्याकडे सगळ्यांत बिनत्रासाचा.

खर्चाचं फार नाही. गवंड्याचे थोडे दिवस, एका स्लॅबचं सिमेंट-सळई, थोड्या विटा, एक ड्रम. त्यांनी सांगितलेल्या दोन किल्ल्यांपेक्षा बराच कमी. दुसरा ओटा लगेच बांधू नका. पहिल्यात एक हंगाम जाऊ दे. काय चुकलं ते तेव्हा कळेल, आणि चुकणार काहीतरी नक्की.

मुलाचं म्हणणं मी उलट्या अर्थानं घेत नाही. तो मुंबईत बसून वडिलांना जपतोय, त्याला पडण्याची भीती आहे. त्याला खुर्ची पडवीतच राहणार हे सांगा, निम्मा विरोध तिथे मावळेल. पडवीतल्या त्या विटांच्या नाटकाला तो सुट्टीवर आलेला असेल तर फळी धरायला त्यालाच बसवा.

यजमानांचं जरा नाजूक आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते ‘आता माझ्याकडून काय होणार’ असं म्हणाले असतील. त्यांना न सांगता बांधून चकित करायचा विचार असेल तर तो सोडा. अण्णांच्या हौदाबद्दल मला आज वाटतं ते हेच की मी एकदाही त्यांना विचारलं नव्हतं. गवंड्याशी बोलायला ह्यांनाच बसवा. माप त्यांचं, वाफा त्यांचा, भांडूही दे त्यांना चिरा की वीट यावर. मग एक गोष्ट पाळायची, आणि ती तुम्हाला जड जाईल : त्यांनी वाकडी पेरलेली ओळ सरळ करायला जायचं नाही. डाव्या हातानं पेरणी सुरुवातीला वाकडीच होते. मुळ्याला त्यानं काही फरक पडत नाही. तासाभराचं काम वीस-वीस मिनिटांत वाटून घ्या. त्यांच्याकडे व्यायाम करून घ्यायला कोणी येत असेल तर त्यालाही वाफा दाखवा. दुबळा उजवा हात फरशीच्या पट्टीवर कसा टेकवून ठेवायचा, तो लोंबकळता राहू नये म्हणून काय करायचं, हे तो तुमच्या-माझ्यापेक्षा नीट सांगेल. त्या हाताला स्पर्श नीट कळत नसेल तर उन्हानं तापलेली फरशी आणि वांग्याचे काटे यांपासून जपा.

विटांचं माप मिळालं की मला दोन आकडे कळवा, रेघेची उंची आणि खडूच्या खुणेचं अंतर. गवंड्यासाठी कागदावर आकृती काढून पाठवते.

ता. क. वांदरांचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे एकतर ते तुमच्याकडे येत नाहीत किंवा आता तक्रार करण्याच्या पलीकडे गेलेत. ड्रमांवर नायलॉनची जाळी कमानीसारखी ताणून बांधा, हुकांनी अडकवलेली, एका हातानं उघडेल अशी. पडवीच्या वाफ्याला जाळी नको, तिथे राखणदार बसलेलाच आहे. त्यांच्या डाव्या हाताला एक लांब काठी आणि एक रिकामा पत्र्याचा डबा तेवढा ठेवा.